कापसाच्या खोलीतला अल्बम

वीसेक दिवसांपूर्वी पहिल्या वेच्याचा कापूस घरी आला. सकाळी शेतात दहीभाताचा नैवेद्य झाला, सीतादही म्हणतात त्याला आमच्याकडे, आणि संध्याकाळपर्यंत बोरी अरबच्या आमच्या घराची मागची खोली गुडघाभर भरली. मी शाळेतून आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात बसून पदराला चिकटलेला कापूस काढत होत्या. मी चप्पल काढून सरळ त्या खोलीत गेले आणि एक टाळी वाजवली.

"वाजली काय वं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"वाजते अजून."

"मंग दोन वेचे थांब," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पदराला लागल्या.

परक्या माणसाला वाटेल, ह्या सासूसुनांचं डोकं फिरलंय. पण कापसानं भरलेल्या खोलीत कोणी टाळी वाजवून पाहिली असेल तर त्याला कळेल. हातावर हात बसलेला दिसतो, पण आवाज तिथल्या तिथे संपतो. भिंतीवरून काही म्हणजे काही परत येत नाही. स्वतःचं बोलणं इतकं जवळून ऐकू येतं की माणूस आपसूक हळू बोलायला लागतो. शहरात लोक भिंतींना स्पंज लावून अशी खोली करतात म्हणे. आमच्याकडे ते काम पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करते, तेही फुकट, आणि वरून अंगाला खाज देते.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझं माहेर बाभुळगावचं. गळा नाही, पेटी कधी शिकले नाही, पण अमरावतीला कॉलेजात असताना लॅपटॉपवर संगीत करायचा नाद लागला तो सुटला नाही. इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हटलं की आमच्याकडे लोकांना वरातीचा डीजे आठवतो, खिडक्या हलवणारा. माझं तसलं नाही. माझ्या संगीतात विहिरीवरच्या मोटारीचा गूं असतो, लांबवून लांबवून पार मऊ केलेला. पिठाच्या गिरणीचा पट्टा असतो. फवारणीच्या पंपाचा दांडा वरखाली होताना करकरतो, त्यातून मी एक खालचा सूर काढला होता, त्याचा मला फार अभिमान होता. नवरा यवतमाळला नोकरीला, शनिवारी घरी येतो. हेडफोन लावलेली बायको म्हणजे गप्प बसलेली बायको, एवढाच त्याचा हिशोब, त्यामुळे त्याची कशाला हरकत नव्हती.

आणि मामाजी. माझे सासरे. फौजेतल्या बँडमध्ये होते, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गोधडीखाली त्यांचे ड्रम होते. फौजेनं जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी ते मागून घेतले आणि रेल्वेनं, एसटीनं, शेवटी बैलगाडीनं गावात आणले. दरवर्षी कापूस त्यांच्यावर चढायचा आणि विकला गेला की उतरायचा. अकरा वर्षांत मी ते वाजताना ऐकले नव्हते. अकरा वर्षांत मामाजींशी माझं बोलणं तरी काय झालं होतं? मामाजी, चहा. मामाजी, पाणी तापलं. मामाजी, ह्यांचा फोन आहे. ते चांगलेच वागायचे, मीही चांगलीच वागायचे, आणि दोघांच्या चांगुलपणामध्ये एक सबंध ओसरी रिकामी पडलेली असायची.

गेल्या वर्षी याच दिवसांत एकदा चहा उकळत होता आणि मामाजी बाहेर बसून डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होते. मी स्वयंपाकघरातून फोनवर ते टिपून घेतलं. चोरीच म्हणा. दोन दिवसांनी त्यावर माझा मोटारीचा गूं चढवला आणि ऐकत बसले होते, तर दारात सावली आली.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

मी उभी राहिले. "तुम्हीच, मामाजी."

त्यांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग पुन्हा. मग सरळ मागच्या खोलीत गेले, कमरेएवढ्या कापसात हात घालून गोधडी ओढली आणि ड्रम उकरून काढले. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घ्या. एक हेडफोनवाली कमी होती घरात."

कापूस खोदून खोदून आम्ही मध्ये जागा केली, एक स्टूल, ड्रम, थाळी आणि माईक मावेल एवढी. थाळी म्हणजे ती पितळेची झांज, उभ्या दांडीवर बसवलेली. घरात तिला सगळे थाळीच म्हणतात. मला वाटलं होतं, फौजेतला माणूस, कवायतीसारखं वाजवेल. मामाजींनी खोक्यातून तारांचे दोन ब्रश काढले आणि ड्रमच्या कातड्यावर ते नुसते गोल फिरवायला लागले. शेणानं अंगण सारवतात ना, तसे. त्यावर थाळी, टिंग, टि-टिंग, टिंग, टि-टिंग. साहेब लोकांच्या मेसमध्ये संध्याकाळी जॅझ वाजायचं, असं त्यांनी सांगितलं. गोव्याचे एक हवालदार होते, त्यांनी शिकवलं. पुसदच्या पलीकडे ज्यानं कधी पाहिलं नव्हतं अशा एका पोराला त्यांनी हे शिकवलं, आणि तो पोरगा आता आमच्या कापसात बसून ते वाजवत होता. मला रडू आलं. कापूस डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

शाळेतून आल्यावर उजेड असेपर्यंत तास-दीड तास मिळायचा. खोलीत दिवा न्यायचा नाही, विडी-काडी तर लांबच, हा आत्याबाईंचा कायदा. त्या दाराशी सूप घेऊन बसायच्या, तूर पाखडायच्या, आणि आम्ही सुरू करायला लागलो की सूप थांबवायच्या. महिन्याभरात सात तुकडे झाले. त्यांचा ताल, माझे सूर. अल्बम करायचा ठरला. अल्बम हा शब्द मामाजी फोटोंच्या वहीसाठी वापरायचे, पण त्यांना कल्पना आवडली.

इथे मी माती खाल्ली.

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून त्यात टिक टिक द्यायचे, घड्याळासारखी, म्हणजे ताल सरळ राहील. नंतर लॅपटॉपवर पाहिलं तर थाळी बरोबर त्या टिकटिकीवर, पण डाव्या हाताचा प्रत्येक ठोका स्क्रीनवर टिकटिकीसाठी असलेल्या उभ्या रेघेच्या जरा उजवीकडे. म्हणजे जरा उशिरा. एखादा नाही, सगळे. मी मनात म्हटलं, वय झालं, सत्तरी ओलांडली, डावा हात मागं पडणारच. आता सासऱ्याला तोंडावर कसं सांगायचं, की तुमचा ताल चुकतो? आमच्यात सून सासऱ्याला वरणात मीठ जास्त झालं का हेसुद्धा सासूमार्फत विचारते. म्हणून मी काय केलं, न बोलता ते सगळे ठोके एकेक करून ओढले आणि रेघेवर आणून बसवले. दिवाळीची फरशी पुसावी तसं मन लावून पुसलं. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून मूळचं काढूनही टाकलं. आणि हे सगळं मी त्यांचा मान राखण्यासाठी करतेय, असं मला खरोखर वाटत होतं.

झालं तेव्हा मामाजींना ऐकवलं. ते सातही तुकडे डोळे मिटून ऐकत बसले. मग हेडफोन काढून, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

"चांगलं झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले नाहीत. शेतात काम आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशीही काम होतं. चौथ्या दिवशी शेतात काहीच काम नव्हतं, तरी गेले. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"काय केलं वं तू त्याईले?"

"काही नाही. साफ केलं फक्त."

"कोनाले?"

मी सांगितलं. त्यांना अर्धं कळलं असेल, पण जे कळायचं ते कळलं. "जाय, त्याईलेच इचार," त्या म्हणाल्या. "मी कायले मधात येऊ? अकरा वर्सं मीच मधात हाय."

रविवार होता. डबा घेऊन मीच शेतात गेले. मामाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली बसले होते. पऱ्हाटी अर्धी पांढरी होती, दुसऱ्या बाजूला बाया वेचत होत्या, त्यांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या. डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं. बसले असते तर बोलले नसते.

"मामाजी, तुमचा डावा हात मागं पडत होता. मी ते ठोके मशीनवर सरकवले. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होते. आलं ते वेगळंच. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"असं हाय काय," ते म्हणाले. "मले वाटलं, माह्या हातात काही रायलं नाई. म्हनून तू मशीनकडूनच वाजवून घेतलं, अन् म्हाताऱ्याले वाईट वाटू नये म्हनून माह्यं नाव सांगून राह्यली."

मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. चार दिवस हा माणूस हे मनात घेऊन पऱ्हाटीतून फिरत होता, आणि घरी येऊन मी वाढलेलं जेवत होता, आणि भाजी चांगली झाली म्हणत होता.

मग त्यांनी डब्याचं झाकण उलटं केलं आणि मला समजावून सांगितलं. उजव्या हाताच्या बोटानं ठोका धरला, एकदम घड्याळासारखा. डावा हात वर उचलला, आणला, आणि टेकवायच्या आधी क्षणभर धरून ठेवला. "उजवा वेळेवर. डावा मागं. आता येते आता येते असं वाटते, येत नाई, मंग येते. तेवढ्यात ऐकनाऱ्याचा जीव जरासा वर उचलते. हवालदारसाहेब म्हनत, वेळेवर तर कोनीबी येते, बूटबी वेळेवर येते." ते हसले. "तीन साल लागले मले उशिरा यायले, बाई. तू एका हप्त्यात वेळेवर आनलं."

मी विचारलं, आता काय करायचं. त्यांनी विचारलं, मूळचं कुठं आहे. पुसून टाकलं, मी म्हणाले. दूरवर बायांपैकी कोणीतरी हसत होतं. मग त्यांनी भाकरी मोडली.

"मंग पुन्हा वाजवू," ते म्हणाले. आणि लगेच त्यांनाच आठवलं. "पन उद्या गाडी येऊन राह्यली ना."

कापूस न्यायची गाडी. खोली रिकामी झाली की तिथे बोललेलं चार भिंतींवर आपटतं, पत्र्यावर वाजतं. मी एकदा उन्हाळ्यात तिथे माईक लावून पाहिला होता. विहिरीत बादली पडल्यासारखं सगळं. ब्रशांची ती सूं सूं तिथे ऐकूच येत नाही. म्हणजे आता पुढच्या वर्षीच. आणि सत्तरीच्या माणसाला पुढच्या वर्षी म्हणणं सोपं नसतं, तेही सुनेनं.

आमच्या घरात कापूस कधी विकायचा हे आत्याबाई ठरवतात. घरात कापूस असला की त्यांना नीट झोप नसते, आगीची धास्ती, त्यात खाज. त्यांनी ठरवलेला दिवस आजवर कधी मागंपुढं झालेला नाही. घरी येऊन आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे राहिलो, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे, आणि कोणी आधी बोलेना. त्यांनी एकदा मामाजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा त्याच पुढे गेल्या. "आठ दिवसानं ये," त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं.

"काहून माय, काय झालं?"

"घरात काम चालू हाय."

"कायचं काम?"

"गान्याचं," आत्याबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

त्या आठ दिवसांचे उपकार मी कशानं फेडणार? गावात ही गोष्ट फिरली, त्यांना कोणकोण काय म्हणालं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला अजून आठवते ती त्या खोलीतली गरमी. आतून कापूस उबदार असतो, सरकीचा तेलकट वास येतो, आणि चार वाजता झरोक्यातून ऊन आलं की हवेत तंतू तरंगताना दिसतात. मामाजी धोतराचा सोगा खोचून बसायचे. टिकटिक बंद केली. ते वाजवतील तसं मी आधी घेतलं, आणि मग लॅपटॉपमधल्या रेघाच उचलून त्यांच्या ठोक्यांवर आणून बसवल्या. माझे सूर त्यांच्यासाठी थांबायला शिकले. मोटारीचा गूं आता ठोक्याची वाट पाहायचा, आणि मला पहिल्यांदाच तो मोटारीचा न वाटता कोणाच्या तरी श्वासाचा वाटला. ज्या पंपाच्या सुराचा मला अभिमान होता तो मी काढूनच टाकला. तो फार बोलत होता.

मधल्या वेळेत आम्ही बोलायला लागलो. म्हणजे काही फार मोठं नाही. ते फौजेतल्या जेवणाबद्दल सांगायचे, मी शाळेतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरबद्दल. एकदा त्यांनी विचारलं, तुला इथे करमते काय. अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आता करमतं.

सात दिवसांत सहा तुकडे झाले. आठव्या दिवशी सकाळी गाडी आली आणि एक राहिलाच होता. आत्याबाई म्हणाल्या, आता मात्र गाडी परत जाणार नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही वाजवा. ते भरतील." आणि तसंच झालं. मामाजी मधोमध बसून वाजवत होते आणि चार माणसं अनवाणी पायांनी, तोंडातून शब्द न काढता, त्यांच्या भोवतीचा कापूस गाठोड्यांत बांधून नेत होती. आत्याबाई तोंडावर बोट ठेवून दारात उभ्या होत्या. मी माईक चालू ठेवला. तो तुकडा नीट ऐकला तर सुरुवातीला थाळी अगदी कानाजवळ आहे. मग हळूहळू एक भिंत उघडी पडते, मग दुसरी, आवाज मोठा होत जातो, लांबून परत यायला लागतो, आणि शेवटी मामाजी एका सबंध रिकाम्या खोलीत एकटे वाजवताहेत. मी त्यात माझा एकही सूर घातला नाही. अल्बममध्ये तो शेवटी आहे.

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला. ऐकणारे किती, ते सांगण्यासारखं नाही. माझ्या बाबांनी बाभुळगावात बसून पूर्ण ऐकला आणि फोन करून विचारलं, गाणं कधी सुरू होते. आत्याबाई म्हणाल्या, ह्याच्यात शब्द नाहीत हे बरं आहे, कोणी कोणाला काही बोलत नाही. मामाजींनी फक्त आपला डावा हात ऐकला. प्रत्येक तुकड्यात, ठोका उशिरा आला की मान हलवायचे.

आणि मग यंदा पोळ्याच्या आसपास एका सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून निसटला. आधी वाटलं, गरम असेल. नंतर तोंडही जरा वाकडं दिसलं आणि आम्ही त्यांना यवतमाळला नेलं. वेळेत नेलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, शेतापर्यंत जातात. डाव्या हाताची बोटं मात्र आवळत नाहीत. गोधडीखालच्या ड्रमचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी फोनवर अल्बम ऐकत होते. सगळं वेळेवर करून ठेवलेलं ते पहिलं साफसूफ तसंच राहिलं असतं तर आज माझ्याकडे त्यांचा हात नसता. नुसता ताल असता, कोणाचाही. धुऱ्यावरची ती दुपार, आत्याबाईंनी लावून घेतलेलं ते दार, ओझी उचलताना शब्द न काढणारी ती चार माणसं, यातलं एक जरी कमी पडलं असतं तरी हात गेला असता. मी देवधर्म फार करत नाही. पण त्या बाकावर मी प्रत्येकाचं नाव घेतलं, आणि ज्यांचं नाव माहीत नाही त्या गोव्याच्या हवालदारांनाही हात जोडले.

आज रविवार. दुसरा वेचा कालच आला. दुपारी मी भांडी लावत होते आणि मागच्या खोलीतून आवाज आला. टिंग, टि-टिंग. टिंग, टि-टिंग. मी दारापर्यंत गेले. मामाजी स्टुलावर बसले होते, कापूस कमरेपर्यंत आलेला. उजवा हात थाळीवर, डावा मांडीवर ठेवलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"ये," म्हणाले. "डावी बाजू तू घे."

"मला येत नाही, मामाजी."

"मले कुठं येत होती."

त्यांनी शेजारी पाट ठेवला होता. मी बसले. त्यांनी ब्रश दिला. थाळी चालू झाली, मी मनात मोजलं आणि ठोका दिला, अगदी जिथे पाहिजे तिथे.

"लवकर," ते म्हणाले.

पुन्हा दिला.

"लवकर. कायले पळून राह्यली? कोनी मागं लागलं नाई."

तीनदा, चारदा. माझं मनगट घट्ट झालं होतं, कपाळावर घाम आला होता. मग मी मोजणं सोडून दिलं आणि नुसतं त्यांच्या थाळीकडे पाहिलं. ती गेली. मी हात उचलला. आणला. धरून ठेवला. खोलीत इतकं शांत होतं की त्यांचा श्वास ऐकू आला. मग टेकवला.

मामाजींनी थाळी तशीच पुढे चालू ठेवली. मांडीवर ठेवलेला त्यांचा डावा हात मात्र माझ्या ठोक्याबरोबर, बरोबर तेवढ्याच उशिरानं, किंचित उचलला गेला.